बक्षीस: वीस मिनिटं आणि साठ माणसं

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी मी तेरा मिनिटांचं वादन ऐकायला चार तास गाडी चालवली. परतीचे चार धरले तर आठ. शिकागोच्या उपनगरातून निघालं की अर्ध्या तासात गाव संपतं आणि मग दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, वर राखाडी आभाळ आणि मध्ये सरळसोट रस्ता. निघताना बायको म्हणाली, "एवढ्या हौसेने तू सवाईला कधी गेला नाहीस." खरं आहे. पुण्यात होतो तेव्हा सवाई गंधर्व महोत्सव घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर होता आणि मी होस्टेलवर मित्रांबरोबर पत्ते कुटत होतो.

पण हे प्रकरण वेगळं होतं. वाजवणारी माझी भाची होती. आणि तिच्या त्या तेरा मिनिटांवर जे काही टांगून ठेवलं होतं, ते टांगणारा शहाणा माणूस मी होतो.

आधी पार्श्वभूमी सांगतो. ताईची मुलगी एका सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. दोन मेजर: चेलो आणि कंप्युटर सायन्स. (चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवतात. माणसाच्या आवाजाच्या फार जवळचं वाद्य आहे, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं.) जून महिन्यात तिने घरी जाहीर केलं की कंप्युटर सायन्स सोडून पूर्ण वेळ चेलोच करायचा आहे. घरात जे व्हायचं ते झालं. भावोजी तीन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मला फोन. "अरे, तूच सांग हिला. तू ह्या लाइनमधला आहेस."

मी गेलो. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. आणि आयुष्यभर प्रोजेक्ट प्लॅन बनवणाऱ्या माणसाला जे सुचेल तेच मला सुचलं. म्हटलं, भांडता कशाला, एक माइलस्टोन ठरवा. नोव्हेंबरात विद्यापीठाची कॉन्चेर्तो स्पर्धा आहे ना? ती जिंकली तर संगीत. नाही जिंकली तर कंप्युटर सायन्स चालू. स्वच्छ, मोजता येण्यासारखं, वादाला जागाच नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. ताईने मला दोन पोळ्या जास्त वाढल्या. भाचीसुद्धा "चालेल मामा" म्हणाली. वीस वर्षांच्या मुलीला आपण जिंकणारच असं वाटत असतं, त्यात तिचा दोष नाही.

आज लिहितोय ते एवढ्यासाठी, की तो सल्ला चुकीचा होता. ती हरली म्हणून नव्हे. जिंकली असती तरी चुकीचाच होता. का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण आता हळूहळू अशा वयात चाललो आहोत की कुणाची तरी भाची, कुणाचा तरी पुतण्या आपल्याला "तूच सांग" म्हणणार आहे.

तर मुळात ही स्पर्धा काय असते?

कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक समोर आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, अशी रचना. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवात किशोर आणि आशा गाणारी चमचमत्या कपड्यांतली मंडळी आठवतात. ते नव्हे.) पन्नास-साठ वादक, त्यांच्या पुढे कंडक्टर आणि कंडक्टरच्या शेजारी एकटा सोलो वादक. अमेरिकेतल्या बहुतेक संगीत विभागांमध्ये दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा होते. तपशील जागोजागी वेगळे असतात, पण साचा साधारण एकच. विद्यार्थी एक कॉन्चेर्तो किंवा त्याचा एखादा भाग तयार करतो. आधी आपापल्या वाद्याच्या विभागात प्राथमिक फेरी, मग सगळ्या वाद्यांची मिळून अंतिम फेरी. नोटेशन समोर न ठेवता, पाठ वाजवायचं. समोर तीन-चार परीक्षक, त्यातले काही बाहेरून बोलावलेले. जे एक-दोन जण निवडले जातात त्यांना बक्षीस काय, तर पुढच्या सत्रात विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राबरोबर तोच कॉन्चेर्तो मैफलीत वाजवायला मिळतो. काही ठिकाणी थोडे पैसे देतात, पण खरं बक्षीस तेच.

मला ही कल्पना ऐकताक्षणीच आवडली होती, आणि अजूनही आवडते. करंडक नाही, शाल-श्रीफळ नाही. चांगलं काम केलंस ना, मग घे आणखी मोठं काम. व्यावसायिक वादकाच्या नशिबीसुद्धा सहजासहजी न येणारी गोष्ट एकविसाव्या वर्षी मिळते: आपल्या वीस मिनिटांसाठी साठ माणसं तालीम करतात.

पण यात एक मेख आहे. अंतिम फेरीत ऑर्केस्ट्रा नसतो. असणं परवडतच नाही. सात स्पर्धकांचे सात वेगवेगळे कॉन्चेर्तो साठ जणांनी बसवायचे तर वर्षाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवावा लागेल. म्हणून ऑर्केस्ट्राच्या जागी एक पियानो असतो. पंधरा-वीस ओळींची ऑर्केस्ट्राची संहिता पियानोच्या दोन ओळींत कोंबलेली असते आणि एक माणूस दोन हातांनी ती वाजवतो. त्या दिवशी एकाच बाईंनी सातपैकी चार स्पर्धकांना साथ केली. बासरी, तुताऱ्या, नगारे, सगळं त्या एकट्याच. टाळ्यांच्या वेळी त्या हलकेच मान लववून आपली पानं गोळा करायच्या आणि पुढच्याच्या पानांना लागायच्या. आपल्याकडच्या हार्मोनियमवाल्यांची आठवण झाली.

भाचीने निवडला होता एल्गारचा चेलो कॉन्चेर्तो. त्याचे पहिले दोन भाग न थांबता एकमेकांना जोडून येतात, तेच ती वाजवणार होती. पहिल्या काही क्षणांत चेलो जवळजवळ एकटाच बोलतो, मोठमोठे दुखरे स्वर. आणि मग तो थांबतो. आता मुख्य धून सुरू होणार. पण ती चेलो सुरू करत नाही. ती सुरू करतात व्हायोला. व्हायोलांचा गट, मागे कुणाचीही साथ नाही, नुसती एक झुलती ओळ. सात-आठ जणांनी एकत्र ओढलेल्या गजांचा तो आवाज असतो, जरासा धुरकट. चेलो ती धून त्यांच्याकडून ऐकतो आणि मग आपली म्हणून वाजवायला लागतो.

हे मी आधी घरी रेकॉर्डवर कितीतरी वेळा ऐकलं होतं. स्पर्धेत त्या जागी पियानोच्या पट्ट्यांवरून एकेक सुटा स्वर आला. टक, टक, टक. बाईंनी जीव ओतून वाजवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पियानोचा स्वर दाबला की लगेच विरायला लागतो. गजाने ओढलेल्या स्वरासारखा तो फुगत नाही, झुकत नाही. भाचीने ती धून घेतली, छान घेतली. पण ती घेताना तिने नक्की कुणाचं ऐकलं? आठ व्हायोलांचं ऐकणं आणि त्या ठोक्यांचं ऐकणं, दोन्ही सारखं कसं असेल?

हा माझा पहिला मुद्दा. या स्पर्धेत तपासलं जातं एक, आणि बक्षीस म्हणून सोपवलं जातं दुसरंच. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणं म्हणजे निम्म्याहून अधिक ऐकणं. बासरीवाला श्वास कुठे घेतोय, चेलोचा खालचा स्वर तुताऱ्यांखाली बुडतोय का, कंडक्टरचा हात आणि पाठीमागून येणारा आवाज यांत किती अंतर पडतंय. यातलं काहीच पियानोबरोबर कळत नाही. पियानोवाली बाई तुमच्या मागे धावते. तुम्ही जरा घाई केली तर तीही करते. साठ माणसं अशी धावत नाहीत.

कॉलेजात असताना मी पुरुषोत्तमला बॅकस्टेज केलं आहे. (लाइट्स. एकदा भलत्याच प्रवेशात अंधार केला होता, त्याबद्दल आमचे दिग्दर्शक अजून बोलत नाहीत.) १९६३ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेबद्दल हजार तक्रारी करता येतील, पण एक गोष्ट तिथे सरळ आहे. जे तपासायचं तेच तिथे घडतं. नाटक म्हणजे नाटकच, नटांसकट, नेपथ्यासकट, अंधारासकट. नायकाने भरत नाट्य मंदिरात एकट्याने उभं राहून बाकीच्यांची वाक्यं टेपवर लावून दाखवायची, असं कुणी म्हटलं तर पोरं दंगा करतील. कॉन्चेर्तो स्पर्धेत नेमकं तेच होतं, आणि तेही नाइलाजाने.

दुसरा मुद्दा निकालाचा. त्या दिवशी दोघांची निवड झाली. एक पियानोवाला मुलगा, प्रोकोफिएफचा तिसरा कॉन्चेर्तो. (हा कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजला तो आमच्या शिकागोतच, डिसेंबर १९२१ मध्ये, आणि पियानोवर स्वतः प्रोकोफिएफ.) दुसरी सॅक्सोफोनवाली मुलगी, ग्लाझुनोव्हचा कॉन्चेर्तो. दोघंही उत्तम वाजले. मी परीक्षक असतो तर कदाचित मीही त्यांनाच निवडलं असतं. पण विचार करा, पियानो, सॅक्सोफोन आणि चेलो यांची तुलना कशी करायची? प्रोकोफिएफमध्ये बोटांची आतषबाजी आहे, लोक खुर्चीच्या कडेवर येतात. एल्गारमध्ये एक म्हातारा होत चाललेला माणूस महायुद्धानंतर स्वतःशी बोलतोय. एकाला ८७ आणि दुसऱ्याला ८४ गुण देताना आपण मोजतो तरी काय?

घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे वाचत सुटलो. संगीत स्पर्धांच्या निकालांवर लोकांनी चांगला अभ्यास करून ठेवला आहे. ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ स्पर्धा होते, जगातल्या सगळ्यात कडक स्पर्धांपैकी एक. तिथे अंतिम फेरीत बारा जण असतात, ते बऱ्याच दिवसांत विभागून वाजवतात आणि कुणी कधी वाजवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि यान व्हॅन ऊर्स या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या पियानो स्पर्धांचे बऱ्याच वर्षांचे निकाल तपासून २००३ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात दिसलं ते असं: पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचा क्रमांक खाली लागण्याकडे कल असतो, नंतरच्या दिवशी वाजवणाऱ्यांचा वर. आता चिठ्ठीचा आणि गुणवत्तेचा काही संबंध नाही, हे उघड आहे. म्हणजे निकालात थोडा वाटा निव्वळ नशिबाचा आहे. पुढे त्याहून महत्त्वाचं. ज्यांचा क्रमांक वर लागला त्यांची पुढची कारकीर्दही चांगली झाली, आणि यात त्या चिठ्ठीतून आलेल्या क्रमांकाचाही हात होता. म्हणजे स्पर्धेने फक्त चांगले वादक शोधून काढले असं नाही, तिने ज्यांना वर ठेवलं त्यांना दारं उघडली.

आमच्या भाषेत सांगायचं तर रँडम नंबर जनरेटरचा आउटपुट प्रॉडक्शनमध्ये गेला, आणि पुढच्या सगळ्या सिस्टिम्स त्याला खरा डेटा समजून चालल्या. :-)

आणखी एक. २०१३ मध्ये चिया-जुंग त्से या संशोधक बाईंनी (त्या स्वतः शिकलेल्या पियानोवादक आहेत) मोठ्या स्पर्धांतल्या अंतिम फेरीच्या छोट्या क्लिप्स लोकांना दिल्या. काहींना फक्त आवाज, काहींना फक्त चित्र, काहींना दोन्ही. विजेता कोण ते ओळखा म्हणाल्या. आवाज बंद करून फक्त चित्र पाहणाऱ्यांनी विजेते जास्त अचूक ओळखले. आणि त्यात संगीत शिकलेले लोकसुद्धा होते! नंतर २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. परिणाम त्यांनाही सापडला, पण तो कोणत्या क्लिप्स निवडल्या यावर बराच अवलंबून आहे, असं त्यांनी दाखवलं. त्यामुळे "परीक्षक बहिरे असतात" असा निष्कर्ष काढू नये. पण डोळे कानांच्या कामात ढवळाढवळ करतात, एवढं मानायला हरकत नाही.

माझ्या भाचीची चिठ्ठी पहिली निघाली होती. ती त्यामुळे हरली का? मला माहीत नाही, आणि कुणालाच कळायचा मार्ग नाही. एका उदाहरणावरून असं काही सिद्ध होत नसतं. मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा की ज्या निकालात चिठ्ठीचा वाटा आहे, डोळ्यांचा वाटा आहे, आणि जिथे मुख्य गोष्ट तपासलीच जात नाही, त्या निकालावर मी एका मुलीच्या पुढच्या आयुष्याची फांदी ठरवली होती. तीही इफ-एल्स लावून. ऑफिसात कुणी ज्युनिअरने एवढ्या कच्च्या इनपुटवर असा कोड लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये मी त्याला सोडला नसता.

आता भावोजींची बाजू. ती मूर्खपणाची नाही, आणि आपण सगळे मनातून थोडे भावोजी असतोच. अमेरिकेत चांगल्या ऑर्केस्ट्रात चेलोची एक जागा रिकामी झाली तर तिच्यासाठी देशभरातून लोक येतात. चांगल्या वाद्याला एका गाडीएवढे पैसे पडतात, कधी कधी बऱ्याच जास्त. फीचं कर्ज आहेच. अशा वेळी बापाने "मला काहीतरी पुरावा दे" म्हटलं तर चुकलं कुठे? पुरावा मागण्यात चूक नाहीच. चूक आहे ती एका दिवसाच्या स्पर्धेला पुरावा समजण्यात. तिला शिकवणाऱ्या बाई तिला तीन वर्षं दर आठवड्याला ऐकतात. त्यांना विचारायला हवं होतं. ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरना विचारायला हवं होतं. उन्हाळ्यातल्या शिबिरांना अर्ज करून कुठे कुठे निवड होते ते बघायला हवं होतं. एकाऐवजी दहा ठिकाणची उत्तरं गोळा केली असती तर त्यातून काही दिसलं असतं. पण त्याला वेळ लागतो, आणि मला तर मिटिंग संपवायची होती.

मग स्पर्धा बंद करायची का? मुळीच नाही. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत भाचीने जेवढी मेहनत केली तेवढी आधी कधी केली नव्हती, हे ती स्वतः सांगते. तारीख ठरली की हात चालतात, हे आम्हा रिलीजवाल्यांना कुणी शिकवायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की स्पर्धेचं ओझं कमी करावं आणि बक्षीस जरा वाटावं. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा ऑर्केस्ट्राबरोबर आपला कॉन्चेर्तो एकदा नुसता वाचून काढायला द्यावा. मैफल नको, तिकीट नको, तालीमही नको. साठ जण पानं उघडतात, कंडक्टर हात वर करतो, कुठे कोसळलं तर कोसळलं. काही संगीतशाळांत अशी रीडिंग सेशन्स होतातही. सात जणांची पंधरा-पंधरा मिनिटं धरली तर दोन तासही लागत नाहीत. यावर कुणी म्हणेल, बाकीच्या साठ विद्यार्थ्यांचा वेळ वाया जाईल. मला उलट वाटतं. न पाहिलेलं संगीत समोर आल्यावर सोलो वादकाच्या मागून कसं जायचं, हे शिकायला त्यांनाही याहून चांगली संधी कुठली?

आणि मागे बसणाऱ्यांबद्दल बोलतोच आहे तर एल्गारच्या याच कॉन्चेर्तोची गोष्ट सांगायला हवी. तो पहिल्यांदा वाजला २७ ऑक्टोबर १९१९ ला, लंडनमध्ये. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर स्वतः एल्गार, चेलोवर फेलिक्स सॅमंड. कार्यक्रमातल्या बाकीच्या रचना दुसऱ्या कंडक्टरकडे होत्या. त्यांनी तालमीचा बहुतेक वेळ आपल्याच कामात घालवला आणि कॉन्चेर्तोच्या वाट्याला फारच थोडा आला. प्रयोग पडला. वर्तमानपत्रांनी ऑर्केस्ट्राला झोडपलं. म्हणजे बघा, ऑर्केस्ट्राबरोबर पुरेसा वेळ मिळाला नाही तर प्रत्यक्ष रचनाकार समोर उभा असूनसुद्धा हे होतं.

पुढे काय झालं? सॅमंड अमेरिकेत आले आणि मोठे शिक्षक झाले. लेनर्ड रोझ त्यांचे विद्यार्थी, आणि रोझचा विद्यार्थी यो-यो मा. आणि त्या फसलेल्या संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या चेलोंच्या रांगेत एकोणीस वर्षांचा एक पोरगा बसला होता, जॉन बार्बिरोली. १९६५ मध्ये जॅकलिन द्यू प्रे या वीस वर्षांच्या मुलीने हा कॉन्चेर्तो रेकॉर्ड केला. आज जगात बहुतेकांना तो कॉन्चेर्तो माहीत आहे तो त्या रेकॉर्डमुळे. ऑर्केस्ट्रा तोच, लंडन सिंफनी. आणि कंडक्टर, सर जॉन बार्बिरोली.

निकालानंतर आम्ही तिघं, म्हणजे भाची, मी आणि तिचा चेलो, एका थाई हॉटेलात जेवायला गेलो. (चेलोला वेगळी खुर्ची लागते. थंडीत गाडीत ठेवता येत नाही, लाकूड तडकतं.) ती रडली वगैरे नाही. नूडल्स चिवडत म्हणाली, "मामा, मग आता स्प्रिंगला ऑपरेटिंग सिस्टिम्सचा कोर्स घेते. ठरल्याप्रमाणे." ठरल्याप्रमाणे! मला घास गिळेना. तिथेच मी तिला सांगितलं की ते ठरवणं चुकलं होतं, आणि ते माझं चुकलं होतं. मग बाहेर थंडीत उभा राहून भावोजींना फोन केला. ते आधी चिडले. "अरे, मग तेव्हा कशाला बोललास?" बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, भावोजी, माइलस्टोन रद्द. दोन्ही मेजर राहू देत, तिच्या बाईंशी आपण बोलू, आणि पुढच्या वर्षी तिचं तिला ठरवू दे. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाजवलं कसं तिने?" सहा महिन्यांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. (मीही जूनमध्ये विचारला नव्हता.)

मार्चमध्ये विजेत्यांची मैफल झाली. या वेळी आम्ही सगळे गेलो, भावोजीसुद्धा. भाची चेलोंच्या तिसऱ्या बाकावर होती. प्रोकोफिएफचा तिसरा भाग बसून (वाद्याचं नाव आहे, मंडळी) आणि तारांवरच्या टिचक्यांनी सुरू होतो. त्या टिचक्या मारताना तिची नजर नोटेशनवर नव्हती, पियानोवाल्या मुलाच्या खांद्यांवर होती. मुलगा मस्त वाजला. एका जागी ऑर्केस्ट्राच्या पुढे निघून गेला होता, पण त्याने ऐकलं आणि परत आला. स्पर्धेत हे दिसायला काही वावच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी भाचीने फोन करून तालमीच्या खोलीत बोलावलं. तिथे सहा व्हायोलावाले जांभया देत बसले होते. तिने त्यांना डोनट्सची लाच देऊन जमवलं होतं. तिने एल्गारची सुरुवात वाजवली आणि थांबली. मग त्या सहा जणांनी ती झुलती ओळ धरली. पियानो नाही, कंडक्टर नाही. दोन-तीन जण जरा बेसूरही होते. भाचीने ती धून घेतली आणि चार मापांनंतर थांबून म्हणाली, "परत. मी नोव्हेंबरमध्ये हे फारच फास्ट घेत होते."

त्यांनी ते परत वाजवलं, आणि मग आणखी परत. भावोजी दाराजवळ कोट हातात धरून उभे होते. अर्ध्या तासाने त्यांनी कोट खुर्चीवर ठेवला आणि बसले.